दंड-मांड्यांवरची खरखर (केराटोसिस पायलॅरिस): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंडांच्या मागच्या बाजूला, मांड्यांवर आणि काहींच्या गालांवर बारीक दाण्यांची जी खरखर वर्षानुवर्षे जाणवत राहते, तिच्याविषयी वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. यांतील बऱ्याच पत्रांत एक वाक्य हमखास असते: घरातल्या कोणीतरी ‘नीट घासून अंघोळ करत जा’ असे सांगितलेले असते आणि ते ऐकून त्वचा अधिकच बिघडलेली असते. म्हणून घासण्याविषयीचे उत्तर (प्रश्न ७) थोडे विस्ताराने लिहिले आहे. केराटोसिस पायलॅरिस हे नाव लांब असल्यामुळे पुढे ‘केपी’ असा उल्लेख केला आहे.

१. माझ्या दोन्ही दंडांवर बारीक, खरखरीत दाणे आहेत. दुखत नाहीत, फारसे खाजतही नाहीत. हे केपीच असेल का?

वर्णन केपीशी जुळते. केपीचे दाणे टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून लहान असतात, प्रत्येक दाणा एकेका केसाच्या छिद्रावर असतो आणि त्यामुळे ते एकमेकांपासून साधारण सारख्या अंतरावर दिसतात. हात फिरवला की किसणीवरून फिरवल्यासारखे वाटते. दंडांची मागची व बाहेरची बाजू, मांड्यांची पुढची व बाहेरची बाजू आणि नितंब या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. लहान मुलांत गालांवरही ते दिसते. शरीराच्या दोन्ही बाजूंना ते जवळपास सारखेच असते. दाण्यांचा रंग कधी त्वचेसारखाच, कधी लालसर, तर आपल्याकडच्या गव्हाळ व सावळ्या त्वचेवर बहुधा तपकिरी असतो.

दाणे एकाच बाजूला असतील, पू धरत असतील, खाजेने झोप मोडत असेल किंवा चार-सहा आठवड्यांत अचानक अंगभर पसरले असतील, तर ते दुसरे काही असण्याची शक्यता मोठी आहे; त्याविषयी प्रश्न १५ आणि १८ पाहावेत. केपी ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी किंवा त्वचेचा तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही. त्वचारोगतज्ज्ञ ते नुसते पाहून व हात लावून ओळखतात.

२. मी रोज स्वच्छ अंघोळ करते, तरीही हे का होते?

केपीचा अस्वच्छतेशी काहीही संबंध नाही. त्वचेच्या वरच्या थरात केराटिन नावाचे कठीण प्रथिन असते. जुन्या पेशी सुटून पडतात आणि त्यांच्याबरोबर हे केराटिनही निघून जाते. केपीमध्ये केसाच्या छिद्राच्या तोंडाशी ते वेळेवर सुटत नाही, साचत जाते आणि तेथे एक घट्ट गूच, म्हणजे छिद्र बुजवणारी कठीण गाठ, बसते. हाताला लागतो तो दाणा म्हणजे हीच गूच. पुष्कळदा तिच्याखाली एक बारीक केस गोल गुंडाळी होऊन अडकलेला असतो, आणि त्याच्या आजूबाजूला थोडा दाह झाला की लाली दिसते. गूच आपल्याच त्वचेची बनलेली असल्यामुळे साबणाने ती धुतली जात नाही. साबण जास्त लावला तर त्वचा कोरडी पडते आणि गूच आणखी कडक होते.

३. आईला होते, मला आहे, आता मुलीच्या दंडांवरही दिसू लागले आहे. हे एकमेकांना लागते का?

लागत नाही. एकच टॉवेल, एकच अंथरूण किंवा स्पर्श यांतून केपी पसरत नाही. तुमच्या घरात ते तीन पिढ्यांत दिसते आहे ते आनुवंशिकतेमुळे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली प्रवृत्तीही पुरेशी असते. मात्र एकाच घरातील दोन भावंडांत तिची तीव्रता फार वेगळी असू शकते. त्वचेचा वरचा थर बांधून ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष केपी असलेल्या काही लोकांत आढळतो. हाच दोष कोरड्या, खवल्यांच्या त्वचेत आणि लहानपणापासूनच्या इसबातही दिसतो, त्यामुळे केपी, इसब, दमा किंवा सततची शिंकांची ॲलर्जी एकाच कुटुंबात भेटणे नवलाचे नाही. वजन जास्त असलेल्यांत आणि टाइप १ मधुमेह असलेल्यांत केपीचे प्रमाण अधिक दिसते, परंतु शिडशिडीत व निरोगी माणसांतही ते भरपूर आढळते.

४. हे कायमचे बरे होते का?

केपी मुळापासून काढून टाकणारा कोणताही उपचार आज उपलब्ध नाही आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातीवर पैसे खर्च करू नयेत. दोन गोष्टी मात्र दिलासा देणाऱ्या आहेत. पहिली, केपी निरुपद्रवी आहे. त्यातून पुढे कोणताही गंभीर आजार होत नाही. दुसरी, ते वयाप्रमाणे ओसरण्याकडे झुकते. बहुधा लहानपणी सुरू होते, वयात येताना सर्वांत जास्त दिसते आणि तिशीच्या आसपास अनेकांत आपोआप फिके पडते. ज्यांच्यात ओसरत नाही त्यांनाही नियमित काळजीने त्वचा हाताला जवळजवळ मऊ लागेल इथपर्यंत नेता येते. काळजी थांबवली की काही आठवड्यांत खरखर परत येते, म्हणून आयुष्यभर सहज जमेल इतकाच साधा क्रम निवडावा.

५. घरी सुरुवात नेमकी कशापासून करू?

अंघोळीपासून. कडकडीत पाणी त्वचेतील तेल धुऊन नेते. म्हणून पाणी कोमट असावे आणि अंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकावी. दंड-मांड्यांना साबण रोज चोळण्याची गरज नसते. काख, जांघा आणि पाय यांना साबण, बाकी अंगाला नुसते पाणी, एवढे पुरते. साबण लावायचाच असेल तर सौम्य, कमी वासाचा घ्यावा. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत साबणाचा थर त्वचेवर राहतो आणि अंग ओढल्यासारखे वाटते. तेथे साबण आणखी कमी करावा आणि शेवटचे दोन तांबे निवांत ओतून अंग नीट धुवावे.

यानंतरची तीन मिनिटे सर्वांत मोलाची असतात. टॉवेल अंगावर घासायचा नाही, हलकेच टिपायचा, आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम लावायचे. ओल्या त्वचेवर लावलेले क्रीम ती ओल आत धरून ठेवते. अर्ध्या तासाने, त्वचा सुकल्यावर लावलेल्या त्याच क्रीमचा उपयोग बराच कमी होतो. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ निघते तेवढे क्रीम एका दंडाच्या बाहेरच्या बाजूला पुरते. सकाळी अंघोळीनंतर आणि रात्री झोपताना असे दोनदा लावावे.

पहिले दोन आठवडे कोणतेही ॲसिड न आणता ग्लिसरीन, सिरॅमाइड किंवा पेट्रोलियम जेली असलेले साधे मॉइश्चरायझर लावून पाहावे, असे आमचे मत आहे. सौम्य केपी पुष्कळांत एवढ्यानेच बरेच हलके होते. त्याने भागले नाही तर प्रश्न ६ कडे वळावे.

६. युरिया, लॅक्टिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड यांपैकी काय घ्यावे आणि किती टक्क्यांचे?

या तिन्हींचे काम गूच मऊ करून सोडवण्याचे आहे, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे. युरिया हा आपल्या त्वचेत निसर्गतःच असलेला, पाणी धरून ठेवणारा घटक आहे. १० टक्क्यांपर्यंत तो मुख्यतः ओलावा देतो, १० ते २० टक्क्यांदरम्यान केराटिन मऊही करतो, आणि ४० टक्क्यांचा युरिया जाड झालेली नखे मऊ करण्यासाठी वापरला जातो, म्हणून तो दंडांवर लावू नये. ज्यांची त्वचा मुळात कोरडी आहे त्यांनी १० टक्के युरियाने सुरुवात करावी. पहिली निवड म्हणून आम्ही हाच सुचवतो, कारण चूक झाली तरी नुकसान कमी होते.

लॅक्टिक ॲसिड मृत पेशींना एकमेकींशी चिकटवणारे बंध सैल करते आणि ओलावाही राखते. ५ ते १२ टक्क्यांची लोशन मिळतात, त्यांत अमोनियम लॅक्टेट या नावाने येणारे १२ टक्क्यांचे लोशन जुने आणि भरवशाचे आहे. ग्लायकोलिक ॲसिड याच कुळातले, पण अधिक झोंबणारे आहे. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळत असल्यामुळे छिद्राच्या आत पोहोचते. केपीसाठी त्याची २ ते ६ टक्क्यांची क्रीम वापरली जातात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे. १० टक्के लॅक्टिक ॲसिड आणि ५ टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांची तीन महिने तुलना केलेल्या एका अभ्यासात दोन्हींनी दाणे निम्म्याहून अधिक कमी झाले आणि लॅक्टिक ॲसिड थोडे सरस ठरले.

एका वेळी एकच घटक सुरू करावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर तीन रात्री लावून पाहावे, मग आठवड्यातून तीन रात्री, आणि त्वचेने मानवून घेतल्यावर रोज. लावल्यावर दोन-चार मिनिटे किंचित चुरचुरणे चालते. दुसऱ्या दिवशीही लाली, जळजळ किंवा सालपटे राहिली तर क्रीम थांबवून आठवडाभर फक्त साधे मॉइश्चरायझर लावावे. वेष्टनावर टक्केवारीच छापलेली नसेल तर ते क्रीम घेऊ नये. टाचांच्या भेगांसाठी मिळणाऱ्या अनेक क्रीममध्ये हेच घटक असतात आणि ते दंडांवर चालतात, मात्र टक्के वाचूनच.

७. वजरीने किंवा नायलॉनच्या घासणीने जोर लावून घासले की त्या दिवशी हात गुळगुळीत लागतात. मग रोज का घासू नये?

त्या दिवशी गुळगुळीत लागतात हे खरे आहे, कारण गुचेचे वरचे टोक झिजलेले असते. खालचा भाग तसाच राहतो. घासण्याने त्वचेला जी इजा होते तिला उत्तर म्हणून त्वचा वरचा थर अधिक जाड करते, छिद्राभोवती दाह वाढतो, आणि दोन-तीन दिवसांत खरखर पूर्वीपेक्षा ठसठशीत होऊन परतते. मग माणूस आणखी जोराने घासतो.

आपल्या त्वचेच्या बाबतीत याहून मोठा धोका रंगाचा आहे. गव्हाळ व सावळी त्वचा प्रत्येक इजेला काळा डाग देऊन उत्तर देते. नायलॉनच्या जाळीने किंवा घासणीने वर्षानुवर्षे अंग घासणाऱ्यांच्या दंडांवर, पाठीवर आणि नडग्यांवर काळपट, कधी लाटांसारख्या रेघांचे पट्टे उमटतात, हे भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहे. काहींत तर घर्षणाने त्वचेत अमिलॉइड नावाचे द्रव्य साचते आणि ते पट्टे वर्षानुवर्षे राहतात. केपी स्वतःहून फिके होण्याची शक्यता असते, या पट्ट्यांची तितकी नसते. दंड स्वच्छ दिसावेत म्हणून एखाद्या मुलीने केलेले कष्टच तिच्या दंडांवर कायमचे उमटावेत, हे आम्हाला फार वाईट वाटते, आणि हे पान लिहिण्यामागे ते एक कारण आहे.

वजरी टाचांसाठी आहे, तेथेच राहू द्यावी. घासण्याची इच्छा आवरत नसेल तर ओल्या मऊ पंच्याने, आठवड्यातून एक-दोनदा, बाळाचे अंग पुसावे इतक्याच जोराने गोल हात फिरवावा. मात्र ज्या दिवशी ॲसिडचे क्रीम लावायचे त्या दिवशी तेही नको.

८. उटणे, डाळीचे पीठ, दही, लिंबू, खोबरेल तेल: घरातल्या या वस्तूंनी काम होणार नाही का?

सर्वांना एकच उत्तर देता येत नाही. खोबरेल तेल उपयोगी आहे. ते ओलावा उडू देत नाही आणि कोरडेपणा कमी करते. अंघोळीनंतर ओल्या अंगावर किंवा मॉइश्चरायझरच्या वर पातळ थर लावावा. गूच विरघळवण्याची शक्ती त्यात नाही, म्हणून मध्यम किंवा जास्त केपीला ते एकटे पुरत नाही. चेहऱ्यावर मुरुमे येत असतील तर तेथे लावू नये.

दिवाळीत अभ्यंगाच्या दिवशी तेल जिरवून मग हलक्या हाताने उटणे लावण्यात काही बिघडत नाही. तेच उटणे कोरडे, रोज आणि रगडून लावले तर प्रश्न ७ मधले सगळे दोष त्याला लागू होतात. डाळीच्या पिठाचेही तसेच आहे. दह्यात लॅक्टिक ॲसिड असते हे खरे, पण त्याचे प्रमाण साधारण एका टक्क्याच्या आसपास असते, त्यामुळे त्वचा तेवढ्यापुरती मऊ लागण्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. लिंबू मात्र लावूच नये. त्याचा रस फार आम्ल असतो, आणि रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येऊन गडद डाग उमटू शकतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांनीही त्वचेचे संरक्षण करणारा थर दुखावतो.

९. आम्ही शेतकरी आहोत, घरात युरियाचे पोते असतेच. तो पाण्यात विरघळवून लावला तर?

कृपया लावू नये. रेणू तोच असला तरी खताचा युरिया त्वचेसाठी शुद्ध केलेला नसतो. त्यात बाय्युरेटसारखी अशुद्धी असते आणि आपल्याकडे मिळणाऱ्या खताच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेपही असतो. घरी प्रमाण मोजता येत नाही आणि नुसते पाणी उडून गेल्यावर त्वचेवर तीव्र द्रावण उरते. औषधांच्या दुकानात युरियाचे साधे क्रीम फार महाग नसते, तेच घ्यावे.

१०. माझे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. तोपर्यंत फरक दिसेल का?

दाण्यांत दिसेल, डागांत कमी दिसेल. क्रीम नियमित लावल्यास चार ते सहा आठवड्यांत हाताला फरक जाणवतो आणि डोळ्यांना दिसायला आणखी काही आठवडे लागतात. आजच युरियाने सुरुवात करावी, दोन आठवड्यांनी लॅक्टिक ॲसिड जोडावे आणि समारंभाच्या आठवड्यात नवे काहीही करून पाहू नये. हळद, मेंदी, व्हॅक्सिंग यांच्या आधी दोन दिवस ॲसिडची क्रीम बंद ठेवावीत. पार्लरमध्ये सुचवले जाणारे तीव्र पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणे) इतक्या जवळ आलेल्या तारखेला टाळणेच बरे, कारण भाजले तर उरणारा काळा डाग महिनोन्‌महिने टिकतो. बाह्या केवढ्या ठेवायच्या हे तुमच्या आवडीने ठरवा. केपी असलेले दंड उघडे ठेवण्यात लाजण्यासारखे काही नाही.

११. खरखर गेली, पण जागोजागी तपकिरी ठिपके राहिले आहेत. त्यांचे काय करायचे?

हे ठिपके दाहानंतर त्वचेत उरलेल्या रंगाचे असतात आणि बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षभरात फिके होतात, पण त्यासाठी दोन अटी आहेत: नवा दाह होऊ द्यायचा नाही आणि ऊन लागू द्यायचे नाही. दाणे नखाने खरवडणे, पिळणे, घासणे हे सर्व थांबवावे. उघड्या राहणाऱ्या हातांना एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावावे, नाहीतर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा. तो अधिक खात्रीचा. लॅक्टिक व ग्लायकोलिक ॲसिड वापरताना त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, म्हणून ती रात्री लावावीत. झटपट गोरेपणाचे वचन देणाऱ्या ट्यूबविषयी प्रश्न १७ वाचावा.

१२. पावसाळ्यात जवळजवळ नसते आणि थंडीत एकदम वाढते. असे का?

हवेतील ओलावा कमी झाला की त्वचा कोरडी पडते आणि गूच कडक होते. म्हणून कोकण-गोव्याच्या दमट हवेत ज्यांना केपी जाणवतही नाही, त्यांना पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत ते ठळक होऊन त्रास देते. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांना हाच अनुभव उन्हाळ्यातही येतो, आणि थंड देशांत राहायला गेलेल्यांना तापवलेल्या घरांतील कोरड्या हवेत तो फार तीव्रतेने येतो. दिवाळीच्या सुमारास, खरखर वाढण्याआधीच, लोशन सोडून घट्ट क्रीमकडे वळावे. लोकरीचा कपडा थेट अंगावर न घालता आत सुती कपडा घालावा.

१३. व्हॅक्सिंग किंवा शेव्हिंग केल्याने वाढते का?

केपी त्यामुळे होत नाही, पण अडकलेल्या केसांचा त्रास वाढू शकतो. व्हॅक्सिंगनंतर उगवणारा बारीक केस गुचेखाली वळतो आणि तेथे लाल, दुखरा फोड येतो. केस काढायचेच असतील तर आधी व नंतर दोन दिवस ॲसिड लावू नये, रेझर धारदार असावा, केसांच्या दिशेने फिरवावा आणि लगेच साधे मॉइश्चरायझर लावावे. घट्ट सिंथेटिक लेगिंगमध्ये मांड्यांवरचे केपी चिडत असेल तर सैल सुती कपड्याने बराच आराम पडतो.

१४. माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या गालांवर आणि दंडांवर आहे. माझेच क्रीम त्याला लावू का?

लावू नये. मुलांची त्वचा पातळ असते आणि त्यांच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे मोठ्या भागावर लावलेले सॅलिसिलिक ॲसिड रक्तात शोषले जाऊन विषबाधा होऊ शकते. या वयात बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा पुरेसे आहे. कमी टक्क्यांचा युरियाही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावा, कारण तो खरचटलेल्या किंवा इसबाच्या त्वचेवर झोंबतो. गालांवरचे केपी शाळेच्या वयात बहुधा कमी होत जाते. मुलासमोर त्याच्या त्वचेविषयी काळजीच्या सुरात बोलू नये आणि नातेवाइकांनाही बोलू देऊ नये. दाण्यांचा त्याला काही त्रास होत नसतो, पण सततच्या बोलण्याचा होतो.

१५. हे जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्यामुळे होते असे सांगितले. गोळ्या घ्याव्यात का?

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. केपीसारखाच दिसणारा फ्रायनोडर्मा नावाचा विकार आहे आणि तो कुपोषणाशी जोडलेला आहे. त्यात कोपर, गुडघे आणि नितंबांवर केपीपेक्षा मोठे, काळपट, काट्यासारखे दाणे येतात. जीवनसत्त्व ‘अ’, ब-गटातील जीवनसत्त्वे आणि आवश्यक स्निग्ध आम्ले यांची कमतरता त्यामागे असते. मूल अशक्त असेल, त्याला संध्याकाळी कमी दिसत असेल आणि दाणे मुख्यतः कोपर-गुडघ्यांवर असतील, तर क्रीममध्ये वेळ न घालवता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’चा डोस मिळतो, तो चुकला आहे का, हे आशाताई किंवा अंगणवाडीत विचारावे.

नेहमीच्या केपीत ही कमतरता नसते आणि गोळ्यांनी ते जात नाही. जीवनसत्त्व ‘अ’ शरीरात साठते. जास्त झाले तर यकृताला इजा होते आणि गर्भाला व्यंग येऊ शकते. दूध किंवा गहू सोडल्याने केपी बरे होते याला भक्कम आधार नाही, म्हणून वाढत्या वयाच्या मुलांचे असे पदार्थ त्यासाठी बंद करू नयेत.

१६. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना काय वापरता येईल?

साधे मॉइश्चरायझर, खोबरेल तेल, १० टक्के युरिया आणि लॅक्टिक ॲसिड सामान्यतः सुरक्षित मानले जातात. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, टॅझारोटिन ही रेटिनॉइड (जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातील औषधांची) क्रीम गरोदरपणात आणि गर्भधारणेचा प्रयत्न सुरू असतानाही बंद ठेवावीत. सॅलिसिलिक ॲसिड मोठ्या भागावर लावू नये. बाळाचे तोंड किंवा गाल जेथे टेकतात त्या जागी कोणतेही ॲसिड नको. या काळात केपी वाढल्याचे काही स्त्रियांना जाणवते. प्रसूतीनंतर ते पुष्कळदा पूर्वपदावर येते.

१७. औषधांच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबने तीन दिवसांत लाली गेली, पण बंद केली की दुप्पट परत येते. असे का?

त्या ट्यूबवरील घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहावे. ही स्टिरॉइड आहेत. त्यांनी लाली लवकर ओसरते, पण गूच जागची हलत नाही. ती महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, न पुसणारे पट्टे पडतात, मुरुमे येतात, रंग उडतो, आणि बंद करताच लाली उसळून येते. बुरशी आणि जंतूंवरच्या औषधांबरोबर स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूब आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज हातात पडतात आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून घरोघर फिरतात. त्वचारोगतज्ज्ञ दाहासाठी सौम्य स्टिरॉइड काही दिवस देतात ती गोष्ट वेगळी आहे. तुम्ही ती ट्यूब बराच काळ लावली असेल, विशेषतः चेहऱ्यावर, तर डॉक्टरांना दाखवूनच बंद करावी.

१८. काही दाणे पिवळे होऊन दुखू लागले आहेत. पिळून काढू का?

पिळू नये. पू, दुखणे आणि भोवती लाल कडे ही केसाच्या मुळाशी झालेल्या जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत, आणि केपी खरवडल्यामुळे तो संसर्ग होऊ शकतो. त्या जागी ॲसिड बंद करून दिवसातून दोनदा कोमट पाण्याचा कपडा काही मिनिटे ठेवावा. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, ताप आला किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांकडे जावे. छाती-पाठीवर खाजणारे एकसारखे बारीक दाणे घामाने वाढत असतील, तर ती त्वचेवरील यीस्टमुळे होणारी पुरळ असू शकते आणि तिचे औषध वेगळे आहे.

१९. सगळे करून पाहिले. आता रेटिनॉइड किंवा लेझरचा विचार करावा का?

‘सगळे’ म्हणजे प्रश्न ५ व ६ मधील क्रम किमान तीन महिने, एकही आठवडा न चुकवता, हे आधी तपासून पाहावे. तेवढे करूनही समाधान नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन देऊ शकतात. ही क्रीम रात्री, कोरड्या त्वचेवर, एक दिवसाआड आणि अगदी थोडी लावायची असतात. सुरुवातीला सालपटे निघतात. मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल केपीसाठी योग्य नाही, कारण ती त्वचा आणखी कोरडी करते.

लेझरचा उपयोग मुख्यतः हट्टी लालीसाठी आणि अडकणाऱ्या केसांसाठी होतो. अनेक बैठका लागतात, खर्च मोठा असतो आणि परिणाम सर्वांत सारखा नसतो. सावळ्या त्वचेवर चुकीच्या मापाने मारलेल्या लेझरने भाजून डाग पडतात, म्हणून तो त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आधी लहान जागेवर करून पाहूनच घ्यावा.

२०. माझ्या भावाच्या गालांवर कायम लाली आहे आणि भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ होत चालले आहेत. हेही केपीच का?

हा केपीच्या कुळातीलच, पण दुर्मिळ प्रकार असू शकतो आणि त्याला घरगुती काळजी पुरत नाही. या प्रकारांत छिद्राभोवतीचा दाह खोलवर जातो, केसाचे मूळ नष्ट होते आणि तेथे बारीक खड्डे किंवा व्रण राहतात. गेलेले केस परत येत नाहीत, म्हणून येथे उशीर महागात पडतो. भुवया, पापण्या किंवा डोक्यावरचे केस गळणे, गालांवर खड्डे पडणे, उजेडाकडे पाहताना डोळे दुखणे, किंवा गाल व मानेवर लाली आणि काळपटपणा एकत्र पसरणे यांपैकी काहीही दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांची भेट लवकर घ्यावी. कर्करोगावरील काही लक्ष्यवेधी औषधे सुरू असतानाही केपीसारखे दाणे उठतात. असे रुग्ण घरी असतील तर औषध स्वतःहून न थांबवता ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. भेटीला जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूब व बाटल्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात आणि आदल्या रात्रीपासून त्या जागी काहीही लावू नये, म्हणजे डॉक्टरांना त्वचा आहे तशी पाहता येते.